अमेरिकी विक्रीकराची विवरणपत्रे भरून देणारी सेवा : वर्षभराचा अनुभव

पुण्यातून स्वतःच्या संकेतस्थळावर हातमागाच्या ओढण्या अमेरिकेत विकताना तिथल्या राज्यांच्या विक्रीकराशी आपला काय संबंध, असे मला वाटत असे. परंतु साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्यात दुकान किंवा गोदाम नसलेल्या विक्रेत्यावरही ग्राहकांकडून हा कर गोळा करून राज्याकडे भरण्याची जबाबदारी येऊ शकते, आणि भारत-अमेरिका दुहेरी कर करार या कराला लागू होत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी एका सशुल्क सेवेचे सदस्यत्व घेतले.

राज्यवार विक्रीवर लक्ष ठेवण्याचे काम ही सेवा उत्तम करते. साउथ डकोटात वार्षिक १ लाख डॉलर, तर कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ५ लाख डॉलर ही विक्रीची मर्यादा ओलांडल्यावर ही जबाबदारी येत असल्याने, आणि ओरेगन, मोंटाना यांसारख्या राज्यांत राज्य विक्रीकरच नसल्याने, हे हाताने सांभाळणे जिकिरीचे असते. अॅमेझॉनवरील विक्रीचा कर अॅमेझॉन स्वतःच भरते, हेही त्यांनी वेगळे दाखवले.

मात्र माझा माल कोठे साठवला आहे, हे नोंदणीच्या वेळी कोणीही विचारले नाही. एखाद्या राज्यातील गोदामात माल असेल तर विक्रीची मर्यादा न ओलांडताही तिथे साधारणपणे करसंबंध, म्हणजे तिथला कर गोळा करून भरण्याचे बंधन, निर्माण होतो, त्यामुळे ही चूक मला अक्षम्य वाटते. शिवाय एकदा राज्याकडे नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी निरंक विवरणपत्र भरावे लागते, आणि त्याचेही पूर्ण शुल्क ही मंडळी आकारतात! तीन राज्यांपर्यंत व्यवहार असणाऱ्यांनी जाणकार सल्लागार गाठावा. त्याहून अधिक असल्यास ही सेवा परवडते.