वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात डी-७६ की रोडिनल?

एचपी५ प्लस हा कृष्णधवल फिल्मचा रोल, ४०० आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता), घरीच धुवायचा. डी-७६ आणि रोडिनल, या दोन्ही डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनांच्या) तक्त्यांत वेळा २० अंशांच्या, आणि मे महिन्यात दांडिया बाजारातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून आधी बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवा. पाणी २४ अंशांपर्यंत आलं तरी चालेल.

डी-७६ची पावडर साधारण ५० अंशांच्या पाण्यात विरघळवावी लागते. गाठी राहिल्या तर फिल्मवर डाग. भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने टिकतं, अर्धी बाटली लवकर मरते. त्यात सल्फाइट हे रसायन भरपूर, त्यामुळे दाणा (चित्रातले चांदीचे बारीक ठिपके) मऊ. चेहऱ्यांना हेच बरं. १५० मिली द्रावण, १५० मिली पाणी: २० अंशांना ११ मिनिटं, २४ला सुमारे ८. न पातळ करता वापरलं तर २४ला वेळ पाच मिनिटांवर येते आणि आकाशात पट्टे उमटतात.

रोडिनल द्रवरूपात येतं, वर्षानुवर्षं टिकतं. ६ मिली, ३०० मिली पाणी, २० अंशांना ११ मिनिटं. दाणा ठसठशीत, कडा धारदार. मांडवी दरवाजाच्या दगडाला शोभतो. सावलीतल्या आजीच्या गालावर मात्र वाळू पसरल्यासारखा दिसतो. जोरात हलवलंत तर आणखी वाढतो.

महिन्याला एखादाच रोल असेल तर रोडिनल घ्या. लग्नसराईत आठ-दहा असतील तर डी-७६.

फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाचं हवं, नाहीतर फिल्मवरचा जेलटिनचा थर सुरकुततो. शेवटची बुडी आरओच्या पाण्यात. नळाच्या पाण्याचे क्षार ठिपके सोडतात.