‘हा नग खास पोहतो’ म्हणून वेकबेट विकणाऱ्यांपासून सावध राहा

मोठ्या वेकबेटच्या, म्हणजे पाण्याच्या वरवर ओढत आणायच्या माशासारख्या नकली आमिषांच्या, जुन्या मालात सध्या एक फसवणूक चालू आहे, आणि ती नकली मालाची नाही. ल्युअर (म्हणजे ते नकली आमिष) अस्सल असतो, पोटावर कारागिराची सही असते, डबाही मूळचाच असतो. खोटं बोललं जातं ते त्या एका नगाच्या पोहण्याबद्दल. मी लॉस एंजेलिसजवळ राहतो, कास्टेइक तलावावर बास मासे धरायला जातो, आणि अशाच एका नगासाठी माझ्याकडून 320 डॉलर उकळले गेले. नवा असता तर 130 ला मिळाला असता. इकडच्या मराठी मंडळींत मोठे ल्युअर वापरणारे वाढलेत, आणि जिताड्यासाठी कोकणात न्यायला म्हणून कुणाकरवी इथून मागवणारेही आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या तलावांत थंडीच्या दिवसांत हॅचरीत वाढवलेले रेनबो ट्राउट मासे सोडतात आणि मोठे बास त्यांच्यावर ताव मारतात. म्हणून आठ-दहा इंचांचे, ट्राउटसारखे रंगवलेले लाकडी वेकबेट इथे चालतात. सावकाश ओढला की ल्युअर पाठ पाण्याला लावून डुलत येतो आणि मागे पाचरीसारखी लाट सोडतो. याच कास्टेइकमध्ये 1991 साली बॉब क्रूपी यांनी 22 पौंडांचा बास धरला होता. जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा आहे, म्हणजे किती थोडक्यात राहिला ते बघा. तसा मासा आपल्यालाही लागेल या आशेवर लोक एकेका ल्युअरला वाटेल ती किंमत देतात.

आता नगानगात फरक असतो हे शंभर टक्के खरं आहे. एकाच फळीतून कापलेले दोन तुकडे सारख्या वजनाचे नसतात. आत भरलेलं शिसं जरा पुढे-मागे झालं, इपॉक्सीचा थर एका बाजूला जाड बसला, तोंडापुढची पारदर्शक पट्टी (लिप) किंचित जास्त कलली, दोरा बांधायची कडी केसभर बाजूला गेली, की चाल बदलते. एखादा नग इतका सुंदर जमून येतो की अगदी हळू ओढला तरी डुलत राहतो, मध्येच आपणहून बाजूला सटकतो आणि पुन्हा रांगेत येतो. मासा तिथेच तुटून पडतो. दुसरा नग दिसायला जुळा भाऊ, पण जरा वेग दिला की कुशीवर पडतो. असे चांगले नग लोक विकत नाहीत, आणि विकले तर जास्त पैसे मागतात. त्यात गैर काही नाही.

पण हेच खरं पुढे करून लबाडी केली जाते. माझ्या विक्रेत्याने जाहिरातीत फोटो टाकले होते, सोबत तलावावरचा व्हिडिओ. व्हिडिओतला ल्युअर खरोखर अप्रतिम पोहत होता. पार्सल आलं तो नग फोटोतलाच होता, सही-रंग सगळं तेच. पाण्यात सोडला तर डावीकडे झुकून तरंगू लागला, नाक खाली. ओढला की एक-दोनदा डुलायचा आणि आडवा व्हायचा. कडी वाकवून पाहिली. ल्युअर उजवीकडे पळत असेल तर कडी जराशी डावीकडे वाकवतात, ते सगळं केलं. हलके हुक लावले. काही फरक नाही.

विक्रेत्याला कळवलं, तर उत्तरं तयार होती. तुमचा दोरा फ्लोरोकार्बनचा असेल, तो बुडतो आणि नाक खाली ओढतो. पाणी गार असेल, त्यात रबरी शेपूट ताठ होते. प्रत्येक नगाची एक लय असते, ती सापडायला वेळ लागतो. यातलं एकेक वाक्य खरं आहे, म्हणूनच माणूस गप्प बसतो. मी मात्र ब्रेड, म्हणजे विणलेला, तरंगणारा दोरा वापरत होतो, आणि शेपूट चांगली मऊ होती.

मग मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. वापरलेल्या ल्युअरच्या पोटावर हुक घासून अर्धगोल ओरखडे पडतात, आणि दोन ल्युअरवर ते कधीच सारखे पडत नाहीत. व्हिडिओतल्या ल्युअरचा ओरखडा थेट कल्ल्यापर्यंत गेला होता. माझ्या नगावर तो दोन बोटं खालीच संपत होता. फोटो एका नगाचे, व्हिडिओ दुसऱ्याचा! टॉर्च आडवी धरून सांध्याजवळ पाहिलं तर तिथली चमक बाकी अंगापेक्षा वेगळी होती. चीर बुजवून वरून क्लिअर कोट (पारदर्शक लेप) मारलेला. चार औंसांचा, म्हणजे साधारण 113 ग्रॅमचा म्हणून विकलेला ल्युअर काट्यावर 124 ग्रॅम भरला. लाकडाने पाणी पिलं होतं, आणि ते आतच ठेवून वरून बंद केलं होतं. असा नग कुणाच्याही हातात पोहणार नाही.

पैसे पेपलच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने द्या, फी वाचेल, असा त्याचा आग्रह होता. त्या मार्गाने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ने दिले तर 180 दिवसांत तक्रार करता येते. फी मी भरतो म्हणा, आणि त्यावरही विक्रेता अडून बसला तर व्यवहार सोडून द्या. माल टपालाने आला असेल तर अमेरिकी टपाल खात्याच्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे फसवणुकीची तक्रार नोंदवता येते. मी ओरखड्यांचे दोन्ही फोटो जोडून ती नोंदवली आहे.

पैसे देण्याआधी नवा व्हिडिओ मागा. एकाच सलग चित्रीकरणात आधी ल्युअर काट्यावर, मग पोट आणि दोन्ही कुशी कॅमेऱ्याजवळ, मग तोच हातातून पाण्यात. कट नको. सोबत दोरा कुठला आणि हुक कुठल्या मापाचे ते विचारा, कारण हुक बदलले की तरंगही बदलतो. ज्याच्याकडे खरा चांगला नग आहे तो हे आनंदाने करतो. मला पुढे एकाने न मागता सगळं पाठवलं. भारतात नेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, तिथून परत पाठवायचा खर्च ल्युअरच्या किमतीला भिडतो.

तो जुना व्हिडिओ अजून जाहिरातींत फिरतोय. गडद हिरवी पाठ, कुशीवर गुलाबी पट्टा, शेपटीचं वरचं टोक तुटलेलं, आणि डाव्या बाजूचा ओरखडा कल्ल्यापर्यंत गेलेला. विक्रीच्या फोटोंत हा ओरखडा नसेल तर पैसे पाठवू नका.