एका क्रियापदासाठी शिकागोच्या मराठी कोशांची वारी

इंग्रजी लेखांचा अनुवाद करताना ‘नॅरो डाउन’, म्हणजे अनेकांतून मोजक्यांवर येणे, हे क्रियापद मला वारंवार अडवते. पोलीस संशयितांची यादी ‘नॅरो डाउन’ करतात, डॉक्टर आजाराच्या शक्यता करतात, संशोधक आपला विषय करतो. मराठीत या तिन्ही ठिकाणी एकच शब्द चालवला, तर निदान दोन वाक्ये लंगडी पडतात. मागे एका सशुल्क पर्यायकोशाच्या अ‍ॅपला विचारले, तेव्हा त्याने ‘अरुंद करणे, संकुचित करणे, सीमित करणे, निमुळते करणे’ अशी माळ पुढे केली. यादी अरुंद करायची म्हणजे कागदाच्या कडा कातरायच्या की काय, हे त्याने सांगितले नाही.

त्यानंतर मी शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळाकडे वळलो, आणि हा अभिप्राय त्याविषयीच आहे. तेथे मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश असे दोन्ही कोश विनामूल्य पाहता येतात. शिवाय वझे यांचा शालेय कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे.

मोल्सवर्थचा कोश मराठीतून इंग्रजीकडे जाणारा असल्यामुळे माझ्यासारख्याच्या तो उलट्या दिशेने उपयोगी पडणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु येथे शोध केवळ मूळ शब्दांपुरता न ठेवता अर्थांसह संपूर्ण मजकुरात घेता येतो, आणि याच सोयीसाठी मी या सेवेला सर्वाधिक गुण देईन. अरुंदपणाचा इंग्रजी शब्द टाकला की तो ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात आला असेल, ते शब्द एकेक करून समोर येतात. त्यांत निरुपयोगी नोंदीही निघतात आणि त्या बाजूला सारण्यात वेळ जातो. मात्र अर्थासह शब्द दिसत असल्यामुळे निवड डोळसपणे होते.

या पद्धतीने हाती लागलेले शब्द दाते-कर्व्यांत पडताळले आणि स्वतःच्या कानावर घासून पाहिले, तेव्हा त्यांची स्वभाववैशिष्ट्ये स्पष्ट झाली. ‘चिंचोळा’ हा बोळाचा, खिंडीचा, जमिनीच्या पट्टीचा शब्द आहे. ‘निमुळता’ म्हणजे एका टोकाकडे बारीक होत जाणारा. ‘आक्रसणे’ आपले आपण घडते, ‘आवळणे’ मात्र बाहेरून जोर लावून केले जाते, आणि म्हणूनच फास आवळतात, यादी आवळत नाहीत. ‘संकुचित’ या शब्दाला वृत्तीचा डाग लागलेला आहे. ‘संशोधकाने विषय संकुचित केला’ असे लिहिले, तर ती त्याची निंदा ठरते. ‘मर्यादित करणे’ निर्दोष आहे, पण त्याला शासकीय परिपत्रकाचा वास येतो.

या कोशांकडून एक अपेक्षा मात्र धरू नये. मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातला, तर दाते-कर्व्यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले. साहजिकच उमेदवारांच्या अर्जांची ‘छाननी’ करून मोजकी नावे ठेवण्याचा आजचा कार्यालयीन व्यवहार त्यांत शोधणे अन्यायाचे आहे. शुद्धलेखनही १९६२ च्या नियमांपूर्वीचे, म्हणजे ‘करणें’, ‘आवळणें’ असे अनुस्वारांसह आहे, त्यामुळे नव्या वाचकाला सुरुवातीला अडखळायला होते. तेवढी सवय करून घ्यावी.

कोश चाळताना मला उमगले ते असे, की येथे मराठी पुष्कळदा सकर्मक क्रियापद वापरतच नाही. आपण यादी बारीक करत नाही. ‘यादी पाच नावांवर आली’ किंवा ‘छाननीअंती पाचच नावे उरली’ असे म्हणतो. आपल्याकडे ‘संशय तिघांवर येऊन ठेपतो’. आणि ज्या कामासाठी इंग्रजीला वेगळे क्रियापद लागते, ते आपला ‘पुरता’ निमूटपणे करून टाकतो: ‘शोध आता नदीकाठच्या दोन गावांपुरता उरला.’ ‘पुरता’ हा शब्द कोशात असतो, पण क्रियापदाचा पर्याय म्हणून तो कोणत्याही पर्यायकोशाने मला सुचवलेला नाही. विशेषण, क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय यांच्या भिंती ओलांडून शोधायचे असेल, तर शब्दांची माळ देणाऱ्या अ‍ॅपपेक्षा अर्थाच्या मजकुरात शिरू देणारा जुना कोश मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि अनुवादकाने हे संकेतस्थळ सतत उघडे ठेवावे अशी माझी शिफारस आहे.

ज्या वाक्यापाशी अडलो होतो, ते शेवटी असे उतरले: ‘रक्ताच्या तपासणीनंतर शक्यता दोनच आजारांपुरती राहिली.’ संपादकांनी त्यातला ‘दोनच’मधला ‘च’ तेवढा काढला.