अर्धे तिकीट, वरचा एक रुपया आणि सुटलेला पास : नागपूर–उमरेड एसटी प्रवासाचा अनुभव

महिला सन्मान योजनेची मूलभूत माहिती आता सर्वांनाच आहे. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते आणि ही सवलत शिवशाहीलाही लागू आहे. त्यामुळे योजना चांगली की वाईट, हा येथे प्रश्न नाही. नागपूरहून उमरेडला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्या बाईने, जिच्याकडे पूर्वी त्रैमासिक पास होता, पास सोडून रोजचे अर्धे तिकीट काढावे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे.

आधी हिशेब सांगते, कारण आमच्या घरी निर्णय त्यावरच होतात. त्रैमासिक पासाला पन्नास दिवसांचे भाडे भरून नव्वद दिवस प्रवास करता येतो. समजा, एका बाजूचे मूळ भाडे 80 रुपये आहे. पूर्ण भाड्याने पास काढला, तर पन्नास दिवसांच्या जाण्या-येण्याचे 8,000 रुपये होतात. नव्वद दिवसांत सुट्या वगळून कामाचे दिवस पंचाहत्तर धरले, तर रोजच्या अर्ध्या तिकिटांचे 6,000 रुपये होतात. रजा घेतली, तर तेवढे पैसे वाचतात. पासात मात्र ते बुडतात. वरवर पाहता येथेच विषय संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण अर्धे तिकीट नेमके अर्धे नसते. सवलत फक्त मूळ भाड्यावर मिळते. 2016 पासून प्रत्येक तिकिटावर अपघात सहाय्यता निधीचा जो एक रुपया घेतला जातो, तो पूर्णच द्यावा लागतो, आणि वातानुकूलित गाडीत वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. म्हणजे 80 चे अर्धे 40 आणि वर एक, असे 41 रुपये झाले. निधीच्या उद्देशाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अपघातात प्रवासी दगावला, तर त्याच्या वारसांना त्यातूनच मदत मिळते. मात्र तिमाहीत या रुपयाचे दीडशे रुपये होतात, आणि त्याहूनही जाच आहे तो चिल्लरीचा. पास होता तेव्हा तो दाखवायचा आणि खिडकीबाहेर पाहायचे, एवढेच काम होते. अर्ध्या तिकिटासोबत पन्नासची नोट, नऊ रुपये परत आणि "ताई, एक रुपया सुटा द्या ना" हा संवाद रोजचा झाला.

सुटे कोणाकडेच नसतात, हे मला मान्य आहे. दिघोरीपर्यंत गाडी खच्चून भरलेली असते, अर्ध्याहून अधिक बायका असतात आणि प्रत्येकीला वरचा एक रुपया द्यायचा असतो. वाहकाने तरी नाणी कुठून आणावीत? मग तिकिटाच्या पाठीवर निळ्या पेनाने '9' लिहून त्याभोवती गोल काढला जातो आणि उमरेड येईपर्यंत ते तिकीट मुठीत धरून बसावे लागते, कारण पर्समध्ये टाकले की उतरण्याच्या गडबडीत बाकी मागायचे राहून जाते. 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्के भाडेवाढ झाली, साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपयांवर गेला आणि भाडे एक रुपयाच्या पटीत आले, तेव्हा तर पूर्ण तिकीट काढणारे पुरुषही आमच्या रांगेत आले. सुट्या पैशांवरून राज्यभर इतके वाद झाले की परिवहनमंत्र्यांना त्यावर बोलावे लागले. त्या काळात मी पुन्हा पास काढण्याचे जवळजवळ ठरवले होते. रोज दोन वेळा एका रुपयासाठी तोंड वाजवण्यापेक्षा तिमाहीला अठराशे रुपये अधिक गेलेले परवडले, असे मी घरात बोलूनही दाखवले होते.

माझे मत बदलले ते वाहकाच्या यंत्रावरील क्यूआर कोडमुळे. यूपीआयने 41 म्हणजे 41 रुपये जातात, तिकिटावर गोल पडत नाही आणि महिनाअखेरीस प्रवासखर्च किती झाला, ते फोनमध्ये दिसते. पासाचे सुख त्यात संपूर्ण नाही; पाचगाव–चांपा पट्ट्यात माझ्या फोनची रेंज जाते, म्हणून गाडीत बसल्याबरोबर शहराच्या हद्दीतच तिकीट काढून घेण्याची सवय लावून घेतली आहे. परतीच्या प्रवासात उमरेडच्या स्थानकातच हे काम उरकते. तरीही पर्सच्या आतल्या कप्प्यात रुपयाची नाणी ठेवतेच. भाजीवाल्याला ती देत नाही, यावरून घरात माझी थट्टा होते, होऊ द्या.

सासूबाईंचा अनुभव मात्र निर्वेध आहे. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि 26 ऑगस्ट 2022 पासून लागू असलेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचा प्रवास मोफत होतो. रामटेकला जाताना आधार कार्ड दाखवायचे आणि शून्य रुपयांचे तिकीट घ्यायचे, एवढेच. हे तिकीट मागून घ्यावे, "फुकटच आहे, कशाला हवे" असे म्हणू नये, कारण सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते आणि तिचा हिशेब या तिकिटांवरूनच लागतो. सासऱ्यांचे वय पासष्ट ते पंचाहत्तरच्या दरम्यान असल्यामुळे त्यांना अर्धे तिकीट लागते, म्हणजे वरचा रुपया त्यांनाही चुकलेला नाही. त्यांच्या स्मार्ट कार्डासाठी घराजवळच्या एका खासगी सेवा केंद्रात पैसे भरले, अंगठा दिला, पावती घेतली. कार्ड आजतागायत मिळालेले नाही आणि विचारायला गेले की "सर्व्हर डाऊन आहे" हे उत्तर ठरलेले. आधार किंवा मतदार ओळखपत्रावर सवलत मिळत असल्याने त्यांचे काही अडले नाही, पण पैसे गेले ते गेलेच.

दोन गोष्टी नागपूरकर बायांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. माझी बहीण छिंदवाड्याला असते. तिच्याकडे एसटीने जाताना सावनेरच्या पुढे राज्याची सीमा येईपर्यंत अर्धे भाडे आणि तेथून पुढे पूर्ण भाडे, असा हिशेब होतो, त्यामुळे घरी अर्ध्याचा अंदाज बांधून पैसे घेऊन निघू नये. दुसरी गोष्ट, शहर बस महापालिकेची आहे आणि एसटीची ही योजना तेथे चालत नाही. गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरून शहर बसमध्ये बसणाऱ्या बायका वाहकापुढे आधार कार्ड धरतात आणि मग दोघांचाही वेळ जातो. मेट्रोचे गणित आणखी वेगळे आहे. तेथे 2023 पासून विद्यार्थ्यांना महाकार्डावर, म्हणजे मेट्रोच्या प्रवास कार्डावर, तीस टक्के सवलत आहे आणि आमचा कॉलेजात जाणारा मुलगा ती घेतो. एकाच घरातील चार माणसे घरून एकत्र निघाली, तरी प्रत्येकाचे तिकीट वेगळ्या नियमाने निघते.

सध्या पास काढायचा नाही, असे ठरले आहे. वरचे दीडशे रुपये धरूनही तिमाहीत सुमारे 1,850 रुपये वाचतात आणि रजेच्या दिवसांचे पैसे त्यावर. यूपीआय नसते, तर माझे उत्तर उलट असते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि ज्या रोज ठरावीक मार्गावर जातात, त्यांनी आपापल्या भाड्याने वरील हिशेब एकदा मांडून पाहावा, आणि गाडी सुटण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून नोट मोडून घ्यावी.