कुत्र्याचं जुनाट पोटाचं दुखणं: आधी पथ्य, अँटिबायोटिक की स्टेरॉइड?

तीन आठवडे उलटून गेले तरी शी पातळच, मधूनच उलटी, आणि ताट चाटूनपुसून खाणाऱ्या कुत्र्याच्या बरगड्या दिसायला लागलेल्या. जंताचं औषध देऊन झालं, दहीभात झाला, मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिकही झालं. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. या टप्प्यावर डॉक्टर ‘क्रॉनिक एंटरोपथी’, म्हणजे आतड्याचं जुनाट दुखणं, असं नाव घेतात आणि आपल्यासमोर काही वाटा ठेवतात: आहार बदलून पाहू, अँटिबायोटिक पुन्हा देऊ, स्टेरॉइड सुरू करू, किंवा दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासू (बायोप्सी).

माझं मत आधीच सांगते. कुत्रा खात-पीत असेल आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं नसेल, तर आहारचाचणी पहिली, आणि तीही पाळायची तर कडक. अर्धवट पाळलेल्या पथ्यावरून ‘आहाराने फरक पडला नाही’ असं ठरवून कितीतरी कुत्री स्टेरॉइडवर जातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निवड करण्याआधी

आजार खरंच आतड्याचा आहे का, हे आधी पाहावं लागतं. ताज्या शीत जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी किंवा जंत निघू शकतात. अॅडिसन्सच्या (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडण्याच्या) आजारातही उलट्या-जुलाब येत-जात राहतात; रक्तातल्या कॉर्टिसोलच्या साध्या तपासणीने तो बहुतेक वेळा बाजूला काढता येतो. आपल्याकडे गोचीड तापाचीही चाचणी करून घेतलेली बरी. तुमचा जर्मन शेफर्ड असेल, वखवखल्यासारखा खात असेल आणि तरी वाळत चालला असेल, शी ढीगभर, फिकट, तेलकट होत असेल, तर टीएलआय ही स्वादुपिंडाची रक्ततपासणी आग्रहाने मागा. स्वादुपिंडातून पाचकरस तयारच होत नसतील तर वरची एकही वाट उपयोगाची नाही. अशा कुत्र्याला दर जेवणात एन्झाइमची पूड लागते, तीही जन्मभर.

शी स्वतः नीट बघा. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर होते आणि वजन उतरतंय, तर दुखणं बहुधा लहान आतड्यात. सारखं बाहेर नेण्यासाठी मागे लागतो, कुंथतो, चमचाभर होते, त्यात आव किंवा लाल रक्त, पण वजन टिकून, तर मोठ्या आतड्यात. फोनवर फोटो काढून ठेवले की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आहार: पाकीट की घरचं?

अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त कुत्री नुसत्या आहारबदलाने सुधारतात, असं बहुतेक अभ्यासांत दिसलंय. फरक दिसायचा असेल तर साधारण दोन आठवड्यांत दिसतो. एवढ्या लवकर आणि एवढं कमी नुकसान करून उत्तर देणारा दुसरा उपाय नाही.

तयार हायड्रोलाइज्ड खाण्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखत नाही. रॉयल कॅनिनचं हायपोअॅलर्जेनिक सोयावर बेतलेलं आहे, हिल्सचं झेड/डी कोंबडीच्या यकृतावर. त्यामुळे चिकन सोसत नसल्याची दाट शंका असेल तर कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पोषण संतुलित, मोजमाप सोपं. अडचण किमतीची. लहान पगला परवडतं, तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दर महिन्याला घेताना घरचं बजेट हलतं.

घरच्या पथ्याचं तत्त्व वेगळं: आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन द्यायचं. इथे चिकन-भात हे ठरलेलं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा चुकतं, कारण कुत्रा जन्मापासून चिकनच खात आलेला असतो. त्याला मासे किंवा मटण नवं. कोकणात सुकट-बोंबलावर वाढलेल्याला मासे नवे नाहीत. आणि दूध-पोळीवर वाढलेल्या शाकाहारी घरातल्या कुत्र्याला चिकनही नवंच, अर्थात घरच्यांना चालत असेल तर. त्यानं आजवर काय काय खाल्लंय याची यादी घरातल्या सगळ्यांना विचारून करा. काम करणाऱ्या मावशी आणि वॉचमनकाकांनाही विचारा. घरचं अन्न स्वस्त पडतं, कुत्रा आवडीने खातो. पण चाचणीपुरतं ठीक, महिनोन्महिने द्यायचं तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचा हिशेब जाणकाराकडून बसवून घ्यावाच लागतो.

दोन्हींत नियम एकच: दुसरं काही तोंडात जायचं नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट नाही, पोळीचा तुकडा नाही, गोळी चीजमध्ये लपवून देणं नाही. जंताच्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाची चव लावलेली असते. बिनचवीची मागून घ्या. घरात आजोबा असतील आणि संध्याकाळच्या बिस्किटाशिवाय दोघांचंही पान हलत नसेल, तर त्याच पथ्याच्या खाण्याचे मोजून काढलेले दाणे एका छोट्या डब्यात आजोबांच्या हाताशी ठेवा. आजोबांचं देणं सुटत नाही आणि पथ्यही मोडत नाही.

पहिलं खाणं लागू पडलं नाही तर दुसऱ्या प्रकारचं एकदा करून पाहण्यात अर्थ आहे. दुखणं मोठ्या आतड्याचं असेल तर डॉक्टरांना विचारून थोडा इसबगोल घालून बघा, खरंच उपयोग होतो.

अँटिबायोटिक

स्वस्त, सोपं, दोन-तीन दिवसांत गुण. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा दिलं जातं. पण मेट्रोनिडॅझोलने आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची घडी विस्कटते आणि ती परत बसायला कित्येक आठवडे जातात. जास्त मात्रेत किंवा लांबवलं तर कुत्रा झोकांड्या खायला लागू शकतो. टायलोसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने फरक पडतो, पण थांबवल्यावर बहुतेकांना पुन्हा जुलाब लागतात. पशुवैद्यक तज्ज्ञही आता याला आहारानंतरची जागा देतात. तुमच्या कुत्र्याचे असे कोर्स आधीच झाले असतील तर आणखी एकाने नवं काही कळणार नाही.

स्टेरॉइड आणि बायोप्सी

आहाराने भागलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खरोखर कामाचं औषध आहे, त्याची भीती बाळगू नका. त्याची किंमत मात्र रोजच्या जगण्यात मोजावी लागते. तहान वाढते, रात्री दोनदा उठून खाली न्यावं लागतं, भूक अनावर होते, धाप लागते, पुढे मांड्या वाळतात आणि पोट सुटतं. डॉक्टर मात्रा हळूहळू, काही महिन्यांत उतरवतात. आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि सांधे दुखतात म्हणून मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक त्याच्याबरोबर कधीही नाही, जठराला व्रण पडतात. मोठ्या कुत्र्याला हे झेपत नसेल तर ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टेरॉइडबद्दल विचारा. ते बरंचसं आतड्यातच काम करतं.

बायोप्सी करायची असेल तर स्टेरॉइडच्या आधी, कारण आतड्यात लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) असेल तर स्टेरॉइड त्याच्या खुणा पुसट करतं. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल लागते आणि सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच आहे. वयस्कर कुत्रा, झपाट्याने उतरणारं वजन, सोनोग्राफीत आतड्याची जाड झालेली भिंत, यांतलं काही असेल तर मी प्रवास करून बायोप्सी करून घेईन. एरवी थांबेन.

कोणतीही वाट धरा, रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. ते कमी असेल तर बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. आठवड्याला एक असं सहा आठवडे इंजेक्शन देतात. रोजची गोळीही चालते.

कोणत्या वेळी वाट पाहून चालणार नाही

अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं असेल, पोटात पाणी साठलं असेल, पायांवर सूज असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, तर दोन आठवडे वाट पाहण्याची चैन नाही. प्रथिनं आतड्यातून गळत असतात, रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. यॉर्कशायर टेरियरमध्ये हे विशेष दिसतं. तिथे अतिशय कमी चरबीचा आहार आणि औषधं बहुधा एकत्रच सुरू करावी लागतात.

पैशांचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. सगळ्या तपासण्या जमणार नसतील तर शी, अल्ब्युमिन, कॉर्टिसोल आणि बी-१२ आधी, मग घरचं कडक पथ्य, आणि तरीही जमलं नाही तर बायोप्सीशिवाय, धोका समजून घेऊन स्टेरॉइड, हा क्रमही रास्त आहे. कुत्र्याचं वजन दर रविवारी त्याच काट्यावर करा आणि आकडा लिहून ठेवा. पुढच्या भेटीत डॉक्टर तोच आधी विचारतील.