हिंदमाताच्या दुकानातली खरेदी आणि पहिल्या धुण्याचा निकाल

भावाच्या मुलीचे बारसे श्रावणात ठरले आणि आत्या या नात्याने बाळाच्या कपड्यांची खरेदी माझ्याकडे आली. दादर पूर्वेला हिंदमाता परिसरात असलेल्या एका तयार कपड्यांच्या दुकानातून मी एकाच दुपारी सहा झबली, दोन टोपडी, एक कुंची, स्वतःसाठी मरून रंगाचा सुती कुर्ता, यजमानांसाठी ‘इस्त्रीची गरज नाही’ असे लिहिलेला शर्ट आणि आईसाठी सुती साडी, असा एकूण पाच हजार दोनशे रुपयांचा माल घेतला. त्यानंतर अभिप्राय लिहायला मुद्दाम तीन आठवडे थांबले, कारण बादलीतले पहिले पाणी मोरीत ओतून दिल्याशिवाय कपड्याच्या दुकानाविषयी मत बनवू नये, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. एक तक्रारही असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

हिंदमाता म्हटले की मुंबईकराला आधी तुंबलेले पाणी आठवते आणि मग कपडे. म्हणून पावसाळ्यात तिथे खरेदी करताना मी पहिल्यांदा कपडा नाकाशी नेते. खालच्या फळीवरच्या गठ्ठ्यांना दमट वास येत असेल, तर सवलत कितीही असली तरी त्या फळीकडे पुन्हा पाहत नाही. या दुकानात माल जमिनीपासून बराच वर रचलेला होता, दिव्यांचा उजेड पांढरा आणि भरपूर होता, आणि काउंटरवरचे गृहस्थ एकामागून एक घड्या उलगडून दाखवायला कंटाळत नव्हते. ट्रायल रूम मात्र एकच होती आणि तिच्यात हवा नव्हती. घामाने निथळणारी माणसे ओळीने आत जाऊन तोच कुर्ता अंगात चढवून परत खुंटीला अडकवत होती. पावसाळ्यात मुंबईत गजकर्ण घरोघरी पसरते, आणि खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचूनही साधारण दोन-तीन दिवस तग धरतो, हे लक्षात घेतले तर ‘नवा म्हणजे स्वच्छ’ हे समीकरण ट्रायल रूमच्या दारातच मोडते. मी कुर्ता अंगातल्या पातळ टी-शर्टवरूनच घालून पाहिला.

कुर्त्याचा रंग जाईल का, असे विचारल्यावर त्या गृहस्थांनी दिलेले उत्तर मला आवडले. “ताई, पहिल्या पाण्याला थोडा जाणार. वेगळा धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पण जातच राहिला, तर मात्र घेऊन या.” पावतीच्या तळाशी छापलेले वाक्य याच्या नेमके उलट होते : सात दिवसांत बदलून मिळेल, मात्र धुतलेला किंवा वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. ही अट जवळपास सगळ्याच दुकानांत असते आणि ती दुकानदाराच्या बाजूने पाहिली तर समजण्यासारखीही आहे, परंतु कपड्याचे जे दोष धुतल्यावरच कळतात त्यांची जबाबदारी तिने गिऱ्हाइकावर ढकललेली असते. म्हणून मी त्या गृहस्थांना त्यांचे बोलणे पावतीवरच लिहून द्यायला सांगितले. त्यांनी हसत हसत ‘कलर – धुवून बघणे’ एवढे तीन शब्द लिहिले आणि सही केली.

घरी आल्यावर प्रथम झबली काढली. पांढऱ्या मलमलीची, बंदांची, हाताला कडक लागणारी. आमच्याकडे कोरे कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला लावत नाहीत. आईने भावजयीसाठी आपल्या दोन जुन्या नऊवारींची दुपटी आणि लंगोट आधीच करून ठेवले होते आणि विकतची झबली पाहून ती एवढेच म्हणाली, “कोरी आहेत गं, खळ काढल्याशिवाय घालायची नाहीत.” माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, त्यामुळे खळ हा आमच्या घरात नुसता रीतीचा विषय नाही. मागावर ताणाचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ पाजतात, कापड विणून झाल्यावर ती काढतात, मग कापड धुतात, रंगवतात, पुन्हा धुतात. “कापडाने गिरणीत तुझ्यापेक्षा जास्त आंघोळी केलेल्या असतात,” असे बाबा म्हणतात, आणि लगेच पुढे सांगतात की त्यातली शेवटची आंघोळ साध्या पाण्याची नसते. फळीवर कापड भरदार दिसावे, घडी बसावी, स्पर्श मऊ लागावा, म्हणून शेवटी जे चढवतात ते तसेच राहते. त्यावर कापणीच्या टेबलावरची धूळ, शिलाई यंत्राचे तेल आणि घडी घालणाऱ्यांचे हात यांची भर पडते, आणि मग ते सारे प्लास्टिकच्या पिशवीत बंद होते.

सहाही झबली कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवली. वीस मिनिटांतच पाणी तांदूळ धुतल्यासारखे गढूळ झाले आणि त्यात हात घातल्यावर बोटांना बुळबुळीत लागले. सौम्य द्रव साबणाने धुऊन दोनदा स्वच्छ पाण्यातून खळबळून काढल्यावर त्याच झबल्यांचा स्पर्श ओळखू येईना, इतका मऊ झाला होता. खळ ही स्वतः विषारी नसते, पण तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळीत घाम साचतो आणि तिथे कडक किनार काचते, एवढे कारण मला पुरेसे आहे. कापड आणि शिलाई यांबद्दल तक्रारीला जागा नाही. बंद धुण्यानंतरही पक्के राहिले. मात्र मानेच्या मागे शिवलेली नायलॉनची चिठ्ठी टोचरी होती. ती मी उसवून काढली, आणि बाळाच्या कपड्यांवर ती बाहेरच्या बाजूने का लावत नाहीत हे मला अजून कळलेले नाही.

खरी गंमत शर्टाची झाली. पिशवी उघडताच जो उग्र, नाकाला झोंबणारा वास आला, तो कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाला येतो तसा होता, आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचे नसावे. सुती कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून त्यावर जी राळ चढवतात, तिच्यात बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड वापरलेले असते, आणि बरणीतले फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचेच पाण्यातले द्रावण. ही राळ तंतूंच्या आतल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींशी बांधून ठेवते, म्हणून शर्ट पिळला तरी चुरगळत नाही, पण न जुळलेला थोडा अंश कापडात सुटा राहतो आणि दमट हवेत, घामात हळूहळू बाहेर पडतो. ज्यांच्या त्वचेला तो सोसत नाही त्यांना मान, काख, कोपराचा आतला भाग अशा घामाच्या आणि घर्षणाच्या जागी पुरळ उठते. आमच्या घरात हे गेल्या वर्षी एका लग्नात झालेले आहे. यजमानांनी दुसऱ्या एका दुकानातला असाच शर्ट घडी मोडून थेट अंगात घातला आणि पंगत उठेपर्यंत कॉलरच्या रेषेवर तांबडा पट्टा आला. दोष राळेचा होता की रंगाचा, याचा छडा लावण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही, पण तेव्हापासून न धुतलेला शर्ट ते घालत नाहीत.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये १८० कापडी वस्तू तपासून घेतल्या, तेव्हा त्यांपैकी फक्त १० वस्तूंमध्ये फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ७५ या कडक मर्यादेपेक्षा जास्त आढळले, आणि त्यांतही चुण्या न पडणारे म्हणून विकले जाणारे कपडे ठळकपणे होते. कापडात घातक रसायने नाहीत ना हे तपासून दिली जाणारी ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० ही खूण असलेल्या, त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी हीच ७५ ची मर्यादा आहे, आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यांत तर ते चाचणीत सापडताच कामा नये, असा नियम आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारने १९९७ मध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये सोडणाऱ्या ७० अ‍ॅझो रंगांवर (एका जातीच्या कृत्रिम रंगांवर) बंदी घातली. मी घेतलेल्या एकाही कपड्यावर ओइको-टेक्सची खूण नव्हती. या किमतीत ती अपेक्षितही नव्हती, परंतु झबल्यांपुरती तरी असायला हवी होती. शर्ट एका धुण्याने आणि गॅलरीत दीड दिवस टांगल्याने जवळपास निर्गंध झाला, त्याची चुणी न पडण्याची ख्यातीही टिकली, त्यामुळे तो मी चांगल्यात धरते.

कुर्त्यासाठी आधी पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीच्या दाबावर दहा वेळा घासला. रुमालावर गुलाबीसर डाग आला. मग कुर्ता एकटाच थंड पाण्यात टाकला. पहिले पाणी डाळिंबाच्या सरबतासारखे, दुसरे फिकट गुलाबी, तिसऱ्यात बादलीचा तळ दिसत होता. शेजारच्या काकूंनी मूठभर मीठ टाकायचा आग्रह धरला, आणि मुंबईतल्या निम्म्या घरांत तो धरला जात असेल. मिठाचा उपयोग रंगवताना खरोखर होतो : रंग पाण्यातून सुताकडे ढकलायला मीठ आणि सुताशी पक्का जोडायला सोडा. एकदा ती भट्टी आटोपली, की घरच्या मिठाने रंग त्या बादलीपुरता कमी सुटेल, पण पुढच्या धुण्याला त्याचा काही लाभ नाही. पहिल्या पाण्याला जाणारा रंग बहुधा सुताशी न जुळलेला आणि गिरणीत गरम साबणाच्या पाण्यात नीट न धुतलेला असतो, तो निघून जाणेच बरे. तो आपल्या अंगावर, ब्रेसियरच्या पट्ट्यावर किंवा लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पांढऱ्या ओढणीवर निघण्यापेक्षा मोरीत निघावा. दुकानदाराचे शब्द खरे ठरले आणि चौथ्या धुण्याला पाणी स्वच्छ राहिले. मात्र उंची मी आधी मोजून ठेवली होती : धुण्यापूर्वी ४४ इंच, वाळल्यावर पावणेत्रेचाळीस. जवळपास तीन टक्के आटला. सुती कापडासाठी हे अवाजवी नाही, तरी दुकानात अंगाबरोबर बसणारा कुर्ता घेतला असता तर तो वाया गेला असता. मी एक माप मोठा घेतला होता.

आता तक्रार. आईच्या साडीला फॉल-पिको त्याच दुकानात करून घेतले होते. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा, हे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावे लागत नाही, ब्लाउजच्या अस्तराचे तसेच. त्यांनी पाकिटातला कोरा फॉल तसाच लावला. पहिल्या धुण्यात फॉल साडीपेक्षा जास्त आटला आणि निऱ्यांच्या जागी सगळा काठ गोळा होऊन चुण्या पडल्या. नेसल्यावर साडी पायाशी फुगून उभी राहत होती. साडी घेऊन परत गेले तेव्हा तेच गृहस्थ आधी पावतीच्या तळाकडे बोट दाखवू लागले. मी त्यांचे हस्ताक्षर दाखवले, तर ते रंगाबद्दल आहे, फॉलबद्दल नाही, असे म्हणाले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होते. पंधरा मिनिटांच्या बोलण्यानंतर त्यांनी फॉल उसवून नवा, आणि या वेळी भिजवलेला, फुकट लावून द्यायचे कबूल केले. दिलेल्या दिवशी साडी तयार होती. जुन्या टाक्यांची भोके मात्र काठावर बारीक दिसतात आणि ती आता तशीच राहणार.

पैठणी, जरीची साडी, सूट यांना घालण्यापूर्वी धुण्याचा हा नियम लावू नये, हे उघड आहे. आई अशा साडीची घडी मोडण्यापूर्वी पदराला हळदीकुंकवाचे बोट लावते, एक दिवस सावलीत दोरीवर टाकते आणि आत सुती परकर नेसते. आणखी एक व्यावहारिक अडचण वाळवण्याची आहे. श्रावणात आमच्या भांडुपच्या गॅलरीत सुती कपडा वाळायला दोन दिवस लागतात, आणि अर्धवट वाळलेल्या कपड्याला येणारा कुबट वास कोऱ्या वासापेक्षा वाईट. तेव्हा पावसाळ्यात समारंभाच्या निदान आठ दिवस आधी खरेदी करावी. ही माझी खरेदी नऊ दिवस आधीची होती, म्हणून निभावले.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. माल किमतीच्या मानाने चांगला, बोलणे सरळ, ट्रायल रूम आणि फॉलचे काम सुधारण्यासारखे. मी तिथे पुन्हा जाईन, साडी घेईन, फॉल मात्र घरून भिजवून नेईन. बारशाला भाचीला त्या सहांपैकी दुसरे झबले घातले होते, कारण पहिले तिने पाळण्यात ठेवताक्षणीच ओले केले. आईने ते उचलून बादलीत टाकताना मला विचारले, “दुसरं पण धुतलेलं आहे ना गं?”