उपदंशाची शंका असलेली बायोप्सी: चांदीचा स्टेन की आयएचसी?

तळहात-तळपायांवर पुरळ आहे, खाज फारशी नाही. बायोप्सीत प्लाझ्मा पेशींची गर्दी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज दिसते. सोरायसिस म्हणावं तर तसंही वाटतं, लायकेन प्लॅनस म्हणावं तर तसंही. उपदंश (सिफिलिस) बहुरूपी आहे. मग जंतू शोधायला कोणता स्टेन (जंतू दिसावा म्हणून स्लाइडला दिलेला रंग) सांगायचा?

उपदंशाचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम जेमतेम ०.२ मायक्रॉन जाडीचा. नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) रंगाच्या स्लाइडवर तो दिसतच नाही.

वॉर्थिन-स्टारी हा चांदीचा स्टेन म्हणजे जुना मार्ग. जंतूवर चांदी साचते, तो जाड होतो आणि पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या मळसूत्रासारखा दिसतो. खर्च कमी, पण स्टेन लहरी. काचसामान नीट धुतलेलं नसलं किंवा द्रावणाचा पीएच ढळला की स्लाइड वाया. खरी अडचण पुढेच आहे. चांदी मेलॅनिन आणि रेटिक्युलिनचे तंतूही काळे करते. जंतू बहुधा बाह्यत्वचेच्या तळच्या थरात असतात आणि आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिनही तिथेच दाटलेलं. अशा स्लाइडवर तासभर डोळे ताणूनही ठामपणे काही लिहिता येत नाही.

आयएचसीत (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत) प्रतिपिंड थेट जंतूला चिकटतात. महाग आहे, सगळीकडे होतही नाही. पण जंतू जास्त वेळा सापडतो आणि वाचायला सोपं जातं. माझा कौल स्पष्टपणे आयएचसीला. मात्र मागवताना लाल रंगद्रव्य सांगा. नेहमीचं तपकिरी रंगद्रव्य, डीएबी, मेलॅनिनमध्ये मिसळून जातं. हे प्रतिपिंड इतर स्पायरोकीटनाही (मळसूत्राकार जंतूंनाही) चिकटू शकतात, त्यामुळे गुदद्वाराजवळच्या बायोप्सीत आतड्यातल्या स्पायरोकीटचा विचार मनात ठेवा.

आयएचसीची सोय नसेल तर चांदी चालेल, पण सोबत जंतू असल्याची खात्री असलेली कंट्रोल स्लाइड हवीच.

दोन्हींपैकी कोणताही स्टेन निगेटिव्ह आला म्हणून उपदंश नाही असं लिहू नका. तिसऱ्या अवस्थेतल्या गमात (उपदंशाच्या गाठीत) जंतू फार विरळ असतात. बायोप्सीच्या आधी पेनिसिलिन दिलं गेलं असेल, तरी ते सापडणं कठीण.

रक्ताच्या व्हीडीआरएल आणि टीपीएचए या उपदंशाच्या चाचण्या तर करायच्याच. त्या स्वस्तही आहेत. दुसऱ्या अवस्थेत प्रतिपिंडं इतकी जास्त असू शकतात की न पातळ केलेल्या नमुन्यात व्हीडीआरएल खोटी निगेटिव्ह येते. पुरळ बोलका असेल तर प्रयोगशाळेला फोन करून नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा.